कोरकूभाषिक प्राथमिक शिक्षकांचे निवासी प्रशिक्षण : एका शिक्षिकेचा सविस्तर अभिप्राय

मेळघाटातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी गेली ११ वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळते. माझी मातृभाषा कोरकू, म्हणजे येथील कोरकू आदिवासींची भाषा, आहे आणि माझ्या वर्गातील २६ मुलांपैकी २२ मुलांची भाषाही तीच आहे. एका स्वयंसेवी संस्थेने कोरकूभाषिक शिक्षकांसाठी घेतलेल्या दहा दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला मी गेल्या वर्षी गेले होते. दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस आणि जानेवारीत चार दिवस अशा दोन टप्प्यांत ते झाले. राहणे, जेवण आणि साहित्य धरून १,८०० रुपये शुल्क होते आणि आमच्या तुकडीत ३१ जण होते. आता नवी तुकडी भरत असल्यामुळे ‘मॅडम, जावे का?’ अशी विचारणा रोज होते. प्रत्येकाला फोनवर अर्धेमुर्धे सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावे, असे ठरवले. संस्थेचे नाव मात्र लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि ज्यांना जायचे आहे त्यांना ते ठाऊकच आहे.

प्रशिक्षण या शब्दाचा आम्हा शिक्षकांना एव्हाना कंटाळा आलेला आहे, हे आधीच मान्य करते. वर्षभरात तालुक्याला, केंद्रावर आणि मोबाइलवर मिळून इतकी प्रशिक्षणे होतात की हजेरीपटावर सही करणे आणि शेवटी गटात बसून तक्त्यावर मुद्दे लिहिणे एवढेच त्यांतले लक्षात राहते. त्या प्रशिक्षणांत आदिवासी मुलांचा उल्लेख बहुधा ‘अडचणी’ या शीर्षकाखाली होतो. घरची भाषा वेगळी, पालक स्थलांतरित, उपस्थिती अनियमित अशी यादी फळ्यावर लिहिली जाते आणि त्या यादीतील घरातूनच आलेले आम्ही पाच-सहा जण मागच्या बाकावर ती वहीत उतरवून घेतो. हे प्रशिक्षण वेगळे वाटण्याचे पहिले कारण हे, की येथे आमची भाषा अडचणींच्या यादीत नव्हती. ती अभ्यासाचा विषय म्हणून फळ्यावर आली होती.

हा फरक किती मोठा आहे, हे समजण्यासाठी आमचे मूळ शिक्षण कसे झाले ते सांगावे लागेल. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या पदविकेत, ज्याला आजही सगळे डी.एड. म्हणतात, बालमानसशास्त्र होते, सूक्ष्म अध्यापन होते, मराठीची अध्यापन पद्धती होती आणि सराव पाठांचा तर रतीब होता. कोरकू हा शब्द मात्र दोन वर्षांत एकाही तासाला उच्चारला गेल्याचे मला आठवत नाही. सराव पाठाच्या वेळी एक मुलगी रडू लागली म्हणून मी तिच्याशी दोन वाक्ये कोरकूत बोलले, तेव्हा पाठ निरीक्षकांनी माझ्या टाचण वहीत, म्हणजे पाठाचे नियोजन लिहायच्या वहीत, लाल शाईने ‘वर्गात प्रमाणभाषेचा वापर करावा’ असा शेरा लिहिला. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या शेऱ्यानंतर नोकरीची पहिली काही वर्षे मी वर्गात कोरकू बोलत असे ती दार लोटून घेऊन, जणू काही गैर करत आहे अशा रीतीने. वास्तविक संविधानाच्या ३५०क अनुच्छेदात प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल सांगितले आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही सूर तोच आहे. कागद कधीच कमी नव्हता, पण त्या कागदानुसार शिकवायचे कसे हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळी सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्यांनी, आम्हाला एकच काम दिले. इयत्ता पहिलीच्या पुस्तकातील, तक्त्यांवरील आणि रोजच्या सूचनांतील असे मराठी शब्द शोधायचे, की जे कोरकूतही आहेत पण ज्यांचा अर्थ निराळा आहे. सुरुवातीला कोणालाच काही सुचेना. मग बैरागडकडील एका सरांनी हळूच ‘गाडा’ म्हटले. मराठीत गाडा म्हणजे बैलांचा, कोरकूत गाडा म्हणजे नदी. त्यानंतर शब्दांची रांग लागली. ‘कोन’ हा भूमितीतील कोन, आणि कोरकूत कोन म्हणजे मूल. ‘आले’ हे चहातले किंवा ‘पाहुणे आले’मधले, आणि कोरकूत आले म्हणजे आम्ही. ‘काकू’ या शब्दाला तर सगळी खोली हसली, कारण कोरकूत काकू म्हणजे मासा. नात्यांचा तक्ता शिकवताना काकूच्या चित्रापाशी दर वर्षी मुले का फिदीफिदी हसतात, हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. कळले नव्हते म्हणणेही खरे नाही. दोन्ही शब्द मला येत होते, पण शाळेच्या पायरीवर मी माझी एक भाषा चपलांसारखी काढून ठेवत असल्यामुळे ते दोन्ही एकाच वेळी डोक्यात येत नव्हते.

दुपारपर्यंत भिंतीवर ४० हून अधिक शब्द लागले. ती यादी हे या प्रशिक्षणाचे सर्वांत उपयोगी साहित्य ठरले आणि ती आम्हीच तयार केली होती. भाषा येणे आणि भाषेविषयी माहिती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदिवासी उमेदवार शिक्षक म्हणून नेमला की भाषेचा प्रश्न आपोआप सुटतो असा जो समज आहे, तो त्या एका दिवसात निकालात निघाला. मला कोरकू जन्मापासून येते, पण कोरकूत वचने किती, असे त्या सकाळी कोणी विचारले असते तर मी मराठीचेच उत्तर दिले असते : दोन.

दुसरा आणि तिसरा दिवस व्याकरणाचा होता, आणि व्याकरण म्हटल्यावर येणारी झोप या दोन दिवसांत एकालाही आली नाही. कोरकूत वचने तीन आहेत. एक मूल म्हणजे कोन, दोन मुले म्हणजे कोनकिञ् आणि त्याहून जास्त म्हणजे कोनकू. आमच्या जमातीचे नावच मुळी अनेकवचन आहे, कारण कोरो म्हणजे माणूस आणि कोरकू म्हणजे माणसे. मात्र ही वचने सजीवांनाच लागतात, घर, पान, दगड यांना सहसा लागत नाहीत. सुलभकांनी हे फळ्यावर मांडले आणि मग आमच्याच शाळांतून आणलेल्या मुलांच्या वह्या उघडायला सांगितल्या. माझ्या वर्गातील एका मुलाने ‘झाडाला खूप पान आहे’ असे लिहिले होते आणि मी ‘पान’ला लाल गोल करून वर ‘पाने’ लिहिले होते. त्याच वहीत पुढे ‘आई बाजारातून आला’ होते आणि त्यालाही गोल होता. कोरकूत नामांना स्त्रीलिंग-पुल्लिंग असे क्रियापदाला वाकवणारे लिंग नाही. सजीव आणि निर्जीव हाच तेथला भेद आहे. म्हणजे त्या मुलाला वचन आणि लिंग ‘कळत नव्हते’ असे नव्हे, तो आपल्या भाषेचा नियम अगदी काटेकोरपणे मराठीला लावत होता. मी त्याच्या वहीवर अकरा गोल मोजले. त्यांपैकी आठ चुका अशा होत्या की ज्यांचे कारण मी त्याला दोन मिनिटांत, त्याच्याच भाषेत, समजावून सांगू शकले असते.

याच सत्रात एक सुखद गोष्टही समोर आली. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा जो फरक आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आणि त्याला वगळून, तो कोरकूतही आहे. आबुङ् म्हणजे आपण सगळे, आले म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही. हिंदीत या दोहोंना एकच ‘हम’ आहे. त्यामुळे येथे कोरकू मुलाला मराठी ही हिंदीपेक्षा जवळची आहे. जेथे दोन भाषा जुळतात तेथून सुरुवात करा आणि जेथे जुळत नाहीत तेथे थांबून शिकवा, असे सूत्र सुलभकांनी सांगितले. वर्गावर परतल्यावर मी सर्वांत आधी वापरले ते हेच.

वर्णमालेच्या तक्त्यातील ङ आणि ञ या दोन अक्षरांची गत सर्व शिक्षकांना माहीत आहे. क ला कमळ, ग ला गवत, आणि या दोघांच्या चौकटी कोऱ्या किंवा नुसत्या अक्षराच्या. आम्हीही ती अक्षरे भराभर म्हणवून पुढे जातो. परंतु कोरकूत ‘मी’ला इञ् म्हणतात आणि ‘आपण’ला आबुङ्. म्हणजे मराठी मुलाला ज्या अक्षरांसाठी शब्द सापडत नाही, त्या अक्षरांत आमच्या मुलाचा ‘मी’ आणि त्याचे ‘आपण’ बसलेले आहेत. तुकडीतील एका ताईंनी यावर जी कल्पना काढली ती मी जशीच्या तशी उचलली. धारणीच्या आठवडी बाजारातून दहा रुपयांचा छोटा आरसा आणून तो ञ च्या कोऱ्या चौकटीत चिकटवला. आता मुले तक्ता वाचताना तेथे थांबतात, आरशात डोकावतात आणि मोठ्याने ‘इञ्’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात ञ पाशी इतकी गर्दी होऊ लागली की तक्ता खाली आणून भिंतीला खिळ्यांनी ठोकावा लागला.

जानेवारीच्या टप्प्यातील एका दिवसाबद्दल थोडे अधिक लिहिते. ओडिशात २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो २१ भाषांपर्यंत गेला. तेथे त्या त्या भाषेचेच शिक्षक वर्गावर घेण्याला महत्त्व दिले गेले. तेथील मयूरभंज जिल्ह्यातील एक संथाली शिक्षक पाहुणे म्हणून आले होते. संथाली आणि कोरकू या एकाच मुंडा भाषाकुळातील भाषा आहेत, कोरकू ही त्या कुळातील अगदी पश्चिमेकडची. हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे. त्यांनी हिंदीत बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून एकापासून दहापर्यंत संथाली आकडे म्हटले. मित्, बार, पे, पोन. आमच्यातील सर्वांत वयस्कर सर मागून कोरकूत म्हणू लागले : मिया, बारी, आफई, उफून. पाचाला थोडे अंतर पडले, सहाला दोघांच्या तोंडून एकदम ‘तुरुय’ आले आणि दहाला दोघेही ‘गेल’वर येऊन थांबले. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग पाहुण्यांनी विचारले, तुमच्याकडे माशाला काय म्हणतात? काकू, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, आमच्याकडे हाको. त्यांचा ह तेथे आमचा क, हा नियम आम्ही त्यांच्याबरोबर बसून आणखी पाच-सहा शब्दांत शोधून काढला. त्यांच्या भाषेचा समावेश २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संविधानातील मान्य भाषांच्या आठव्या अनुसूचीत झाला आणि तिला ओल चिकी ही स्वतःची लिपी आहे. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर भाषक असलेल्या कोरकूला यांपैकी काही नाही. हे ऐकताना हेवा वाटला, हे प्रांजळपणे सांगते.

आकड्यांवरून गणिताकडे जाणे स्वाभाविक होते. कोरकूत अकरा म्हणायचे तर दहा आणि एक अशीच रचना होते आणि विसाला इसा म्हणतात. जुनी माणसे विसाविसांच्या गटांनी मोजतात, जसे मराठी खेड्यांतील आज्याही ‘दोन विसा नि पाच’ असे मोजत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन सुचवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आमच्या घरी मात्र संख्या अशाच रचल्या जात होत्या. आता बहुतेक मुले आकडे हिंदीत म्हणतात, त्यामुळे कोरकू आकडे पुन्हा रुजवावेत असा माझा आग्रह नाही. परंतु दशक-एकक शिकवताना ‘गेल’ आणि त्यावर एक, ‘गेल’ आणि त्यावर दोन, असे मोहाच्या बियांच्या दहा-दहाच्या ढिगांसह मांडले तर अकरा-बारा-तेरा यांच्या विचित्र नावांत मुले अडकत नाहीत, हे मी वर्गात करून पाहिले आहे.

आता उणिवा. पहिली उणीव हस्तपुस्तिकेची. तिच्यातील कोरकू बरीचशी मध्य प्रदेशाच्या बाजूची आहे आणि चिखलदऱ्याकडील शिक्षकांना काही शब्द ऐकलेलेही नव्हते. भाषेत प्रदेशाप्रमाणे फरक असणारच, पण पुस्तिकेत तसा एका ओळीचाही खुलासा नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘खरी कोरकू कोणाची’ या वादात दीड तास गेला. लेखनाचेही धोरण ठरलेले नाही. कोरकूत काही शब्दांत सुराच्या उताराला महत्त्व आहे आणि तो दाखवायला देवनागरीत चिन्ह नाही, तेव्हा अडचण खरीच आहे. तरी एकच शब्द एका पानावर एक तऱ्हेने आणि पुढच्या पानावर दुसऱ्या तऱ्हेने छापणे, याला अडचण म्हणता येणार नाही. त्याला मुद्रितशोधनाचा आळस म्हणतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. संपूर्ण आखणी कोरकूकडून मराठीकडे जाणाऱ्या पुलासारखी होती, पण मेळघाटातील मुलाच्या कानावर कोरकूनंतर पडते ती मराठी नव्हे. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात आणि मोबाइलवर तो हिंदी ऐकतो. मराठी ही त्याची तिसरी भाषा आहे आणि ती त्याला बहुतांशी शाळेतच भेटते. वर्गात गवळी आणि इतर समाजांची चार मुले आहेत, त्यांची बोली आणखी वेगळी. तिकडे बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातून आलेल्या एका सहकाऱ्यांनी सांगितले की त्यांच्या गावात निहाली बोलणारी कुटुंबे आहेत, आणि निहालीचे तर कोणत्याच भाषाकुळाशी नाते लागलेले नाही. अशा वर्गात ‘मातृभाषेतून शिकवा’ या वाक्याचा अर्थ काय, याचे उत्तर दहा दिवसांत मिळाले नाही. प्रश्न विचारला तेव्हा ‘चांगला मुद्दा आहे’ असे म्हणून तो तक्त्यावर ‘पार्किंग’ नावाच्या चौकटीत लिहिण्यात आला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तेथेच उभा आहे.

तिसरी गोष्ट पाहुण्या वक्त्यांची. समारोपाला आलेल्या एका मान्यवरांनी पाऊण तासाच्या भाषणात ‘या लोकांना मुख्य प्रवाहात आणले पाहिजे’ असे चार वेळा म्हटले. समोर बसलेले ३१ जण ‘हे लोक’च होते. संस्थेच्या लोकांचा त्यात दोष नाही, त्यांचेही चेहरे उतरले होते, पण दहा दिवसांच्या कामावर असा समारोप ओतण्याची गरज नव्हती. त्याच दिवशी भरून घेतलेल्या अभिप्राय पत्रकात ‘मातृभाषा’ या रकान्यापुढे मराठी, हिंदी, उर्दू आणि ‘इतर’ असे पर्याय होते. कोरकूभाषिकांच्या प्रशिक्षणात आम्ही सर्वांनी ‘इतर’वर खूण केली. हे मी संस्थेला लिहून कळवले आहे आणि पत्रक बदलतो असे त्यांचे उत्तरही आले आहे.

पाठपुराव्याबाबत जे सांगितले होते ते झाले नाही. जानेवारीनंतर प्रत्येकाच्या वर्गावर दोन भेटी होतील असे ठरले होते, माझ्याकडे एकही झाली नाही. त्याऐवजी दर शनिवारी ऑनलाइन बैठक ठेवली गेली. आमच्या गावात एका टेकाडावर चढल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि शाळा सुटल्यावर टेकाडावर उभे राहून ‘आवाज येतोय का’ असे विचारत बसण्यात मला फारसे शिक्षण दिसत नाही. महिला शिक्षकांसाठी आणखी एक अडचण सांगायला हवी. लहान मुले सोबत आणण्यास परवानगी आहे, पण त्यांना सांभाळण्याची सोय नाही. आमच्या तुकडीत तान्ही मुले घेऊन आलेल्या दोघींनी निम्मी सत्रे व्हरांड्यात उभे राहून ऐकली.

आणि सर्वांत मोठा प्रश्न या प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेरचा असला तरी त्याला टाळून पुढे जाता येत नाही. माझ्या शाळेतील दुसरे शिक्षक यवतमाळकडील आहेत. अत्यंत कष्टाळू गृहस्थ आहेत आणि सहा वर्षांत कामापुरती कोरकू शिकले आहेत. त्यांना या प्रशिक्षणात प्रवेश नाही, कारण ते कोरकूभाषिक नाहीत. माझ्या मते हे चुकते. तिसरीत माझी मुले त्यांच्याच हाताखाली जातात, आणि दुसरीपर्यंत मी जे बांधले ते तिसरीत कोणी ओळखलेच नाही तर त्याचा उपयोग अर्धाच. दुसरीकडे, कोरकू उमेदवारांनी पदविका घेऊन, पात्रता परीक्षा देऊन वर्षानुवर्षे वाट पाहावी हेही आम्ही रोज पाहतो. अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकासह काही पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरण्याची अधिसूचना ९ जून २०१४ ची आहे. आंध्र प्रदेशातील अशाच १०० टक्के आरक्षणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी रद्द ठरवला, आणि तेव्हापासून येथील भरतीचाही प्रश्न न्यायालयाच्या दारातून फिरून येतो आहे. त्या कायद्याच्या बाजूत मी शिरत नाही. एवढेच म्हणते की आमच्या तुकडीतील ३१ पैकी ९ जण अजून नोकरीत नव्हते. ते स्वतःच्या खिशातून १,८०० रुपये भरून आले होते आणि व्याकरणाच्या सत्रात सर्वांत नेमके प्रश्न तेच विचारत होते.

वर्गावर प्रत्यक्षात काय बदलले, हे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते. प्रशिक्षणात दिलेला एक गृहपाठ असा होता की गावातील वडीलधाऱ्या माणसाकडून एक गोष्ट कोरकूत ऐकून, वर्गात सांगून, मुलांच्या तोंडून ती पुन्हा वदवून घ्यायची आणि त्यांच्याच वाक्यांत मोठ्या कागदावर लिहायची. मी गावातील एका आजीबाईंना शाळेत बोलावले. त्यांनी जिरोतीच्या सणाला झाडाला बांधायच्या झोक्याची आणि त्यावरून पडलेल्या अस्वलाची गोष्ट सांगितली. मुलांनी ती नऊ वाक्यांत परत सांगितली, मी देवनागरीत कोरकूतच लिहिली आणि आठवडाभर आम्ही ती वाचली. पहिलीतील जी मुलगी पुस्तकातील दोन अक्षरी शब्दाशी अडखळत असे, ती त्या कागदावर ‘बाना’ म्हणजे अस्वल हा शब्द जेथे जेथे आला आहे तेथे बोट ठेवू लागली. पाच ठिकाणी होता, पाचही तिने शोधले. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट मराठीत लिहिली आणि दोन्ही कागद शेजारी लावले. वाचन म्हणजे काय, हे तिला कोरकूत कळले. नंतर मराठीत तिला केवळ शब्द नवे होते, वाचणे नवे नव्हते. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या वारली पाड्यांवर कुरणशाळा भरवल्या, तेव्हा शाळा मुलांच्या मागे गुराख्यांच्या माळावर गेली होती. प्रशिक्षणात त्याचा उल्लेख झाला तेव्हा मला ते जुने इतिहासातले वाटले होते. आजीबाई वर्गात मांडी घालून बसल्या तेव्हा तसे वाटले नाही. त्यांनी जाताना विचारले, ‘हे पण शाळेत चालते का?’ मी त्यांना माझ्या टाचण वहीतला तो लाल शेरा दाखवला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. ज्यांना केवळ प्रमाणपत्र हवे आहे त्यांनी जाऊ नये. ते सेवापुस्तकात नोंदवले जात नाही, वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी धरले जात नाही आणि प्रवास भत्ताही मिळत नाही. चौथी-पाचवी शिकवणाऱ्यांना त्याचा उपयोग बेताचाच होईल, कारण सारा भर पहिल्या दोन इयत्तांवर आहे. गणिताला अवघा दीड दिवस दिला आहे आणि परिसर अभ्यास जवळजवळ नाहीच, हे मला खटकले. जंगल, पीक, पाऊस, प्राणी यांचा केवढा शब्दसंग्रह मुले घरून घेऊन येतात. पहिली-दुसरीवर असलेल्या, कोरकू बोलणाऱ्या आणि दार लोटून बोलणाऱ्या प्रत्येकाने मात्र जावे, असे मी निःसंकोच सांगेन. पाच पैकी गुण द्यायचे तर पहिल्या टप्प्याला साडेचार देईन, दुसऱ्याला साडेतीन आणि पाठपुराव्याला एक, तोही त्यांनी उशिरा का होईना पण प्रामाणिकपणे माफी मागितली म्हणून.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. केंद्र परतवाड्याच्या पुढे, घाट चढण्याआधी आहे. शेवटच्या बसथांब्यापासून दोन किलोमीटर चालावे लागते, म्हणून अंधार पडण्याआधी पोहोचावे. जेवण साधे आणि उत्तम आहे, ज्वारीची भाकरी रोज असते आणि दोनदा कुटकीचा भातही मिळाला. नोव्हेंबरात रात्री थंडी पडते आणि संस्थेच्या चादरी पातळ आहेत, तेव्हा घरचे पांघरूण न्यावे. मुलांच्या किमान दहा वह्या, तपासलेल्या आणि लाल गोल केलेल्या, आठवणीने सोबत घ्याव्यात. मी तीनच नेल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी त्या कमी पडल्या.